क्यूबिटटोरंटमध्ये (टोरंट उतरवायचं सॉफ्टवेअर) डाउनलोड ‘स्टॉल्ड’वर अडलंय आणि खाली पिवळी ज्योत दिसते. राउटरमध्ये ६८८१ पोर्ट फॉरवर्ड करूनही फरक नाही. काय तपासू?

तुम्ही लिहिलंय की विंडोज ११ आहे, घरी फायबर आहे आणि लिनक्सच्या एका जुन्या आवृत्तीची आयएसओ (डिस्कची पूर्ण प्रत असलेली फाईल) उतरवायची आहे. यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, अडलेलं डाउनलोड आणि पिवळी ज्योत, ते आधी सुटे करू.

पिवळी ज्योत एवढंच सांगते की बाहेरून कुणाचीही जोडणी अजून तुमच्यापर्यंत आलेली नाही. तुमच्याकडून बाहेर जोडणी जाते की नाही, याचा तिच्याशी संबंध नाही. भरपूर सीड (पूर्ण फाईल असलेले आणि ती इतरांना देणारे संगणक) असलेली फाईल ज्योत पिवळी असतानाही व्यवस्थित उतरते, कारण तिथे जोडणी तुम्ही सुरू करता. म्हणून मी राउटरकडे सगळ्यात शेवटी जाईन.

आधी डेबियनच्या अधिकृत साइटवरून सध्याच्या नेटइन्स्टॉल आयएसओचा टोरंट घ्या आणि लावा. तो धावला तर तुमचं सॉफ्टवेअर ठीक आहे, अडचण त्या जुन्या फाईलची आहे. तिच्या ‘सीड्स’ रकान्यात ० (३) असं काही दिसत असेल तर कंसाबाहेरचा आकडा सध्या जोडलेल्या सीडचा आणि कंसातला ट्रॅकरने (कुणाकडे फाईल आहे याची यादी ठेवणारा सर्व्हर) सांगितलेल्या एकूण सीडचा. कंसातही शून्य असेल तर कुठलंही सेटिंग बदलून उपयोग नाही, कुणीतरी सीड करायची वाट बघायची. पण कंसात दोन-तीन सीड आहेत आणि एकही जोडला जात नाही, तर तेही बहुधा तुमच्यासारखेच बंद पोर्टमागे आहेत (पोर्ट म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडणीचं क्रमांक असलेलं दार). दोन्हीकडची दारं बंद असली की जोडणी सहसा होत नाही. दुर्मिळ फाईलसाठी उघडा पोर्ट महत्त्वाचा ठरतो तो याचमुळे.

डेबियनही शून्यावर असेल तर खालच्या पट्टीत डीएचटीचा (ट्रॅकरशिवाय इतर संगणक शोधायचं जाळं) आकडा बघा. सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांत तो शेकड्यांत जायला हवा. शून्यावरच राहिला तर सगळ्यात आधी टूल्स, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्डमध्ये ‘नेटवर्क इंटरफेस’ उघडा. कधीतरी व्हीपीएन वापरलं असेल आणि तिथे त्याच व्हीपीएनचं नाव राहिलं असेल, तर व्हीपीएन बंद असताना क्यूबिटटोरंट मुकाट बसून राहतं, ब्राउझर मात्र मजेत चालतो. तिथे ‘एनी इंटरफेस’ निवडा आणि प्रोग्राम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. खिडकी बंद केली तरी तो घड्याळाशेजारच्या ट्रेमध्ये चालू राहू शकतो. कनेक्शनच्या पानावर जुनी प्रॉक्सी भरलेली नाही ना, तेही तिथेच बघून घ्या. ऑफिस किंवा हॉस्टेलचं नेट असेल तर यूडीपीच (डीएचटी ज्यावर चालतं ती डेटा पाठवायची पद्धत) अडवलेलं असू शकतं, त्यावर तुमच्या हातात फारसं काही नाही.

ट्रॅकर्सच्या टॅबमधला संदेशही वाचा. ‘होस्ट नॉट फाउंड’ म्हणजे ते नावच सापडत नाही: डीएनएसची (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) अडचण किंवा ट्रॅकर कायमचा बंद. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे पत्ता सापडला पण उत्तर नाही. सुरक्षित जोडणीचे ट्रॅकर तेवढे नापास होत असतील तर संगणकाची तारीख-वेळ आणि अँटिव्हायरसचं वेब स्कॅनिंग तपासा.

आता ज्योत. व्ह्यू मेनूमधून लॉग दाखवायला सांगा. त्यात पोर्टवर ऐकणं यशस्वी झाल्याची ओळ हवी. ती नसून अपयशाची असेल तर तो पोर्ट दुसऱ्या कुणीतरी धरलाय. ऑप्शन्समधल्या कनेक्शनच्या पानावर दुसरा क्रमांक द्या. तसंही ६८८१ ते ६८८९ हे टोरंटचे जुने, सर्वांना माहीत असलेले पोर्ट आहेत आणि काही नेटवर्कांवर मुद्दाम अडवले जातात. २०००० ते ४५००० मधला कुठलाही घ्या. क्रमांक ठरलेलाच ठेवा, दर वेळी बदलणारा नको, नाहीतर राउटरमधला नियम एका क्रमांकावर आणि सॉफ्टवेअर भलत्याच क्रमांकावर, असं होतं.

त्याच लॉगमध्ये तुमचा बाहेरचा आयपी पत्ता मिळेल. राउटरच्या स्टेटस पानावरच्या वॅन आयपीशी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) तो ताडून बघा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक इथेच आहे. दोन्ही सारखे असतील तर फॉरवर्डिंग चालायला हवं. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही कंपनीच्या सीजीनॅटमागे आहात: एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि त्या पत्त्याचा पोर्ट तुमच्या राउटरच्या ताब्यात नसतो. अशा वेळी यूपीएनपीही (राउटरमध्ये आपोआप पोर्ट उघडायची सोय) ‘यशस्वी’ असं सांगतं, कारण ते फक्त तुमच्या राउटरपुरतं खरं असतं. त्या संदेशावर विसंबू नका. कंपनीकडे सार्वजनिक किंवा स्टॅटिक आयपी मागा (बहुधा जादा पैसे पडतात), नाहीतर पोर्ट फॉरवर्डिंग देणारं व्हीपीएन.

वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर कंपनीच्या डब्यामागे तुमचा स्वतःचा राउटर, म्हणजे दुहेरी नॅट (पत्त्यांची अदलाबदल दोनदा). कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये (तो राउटरचं काम न करता जोडणी फक्त पुढे देतो) टाकायला सांगा. १० ने सुरू होत असेल तर दोन्हीपैकी काहीही असू शकतं, फोन करून विचारा.

पत्ते जुळले तरी ज्योत तशीच असेल तर नियम नीट बघा. टीसीपी आणि यूडीपी दोन्ही हवेत, आणि नियमातला आतला पत्ता तुमच्या लॅपटॉपचाच हवा. राउटर रीस्टार्ट झाला की तो पत्ता बदलू शकतो, म्हणून राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन (लॅपटॉपला कायम तोच पत्ता) करून टाका. विंडोज फायरवॉलमध्ये क्यूबिटटोरंटला ‘प्रायव्हेट’साठीच परवानगी असते आणि घरचं वायफाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेलं असतं, हेही फार दिसतं. त्यासाठी अख्खी फायरवॉल बंद करू नका, वायफायचा प्रकार बदला. पोर्ट तपासणाऱ्या साइट वापरताना क्यूबिटटोरंट चालू ठेवा. ऐकणारा प्रोग्रामच बंद असेल तर पोर्ट बंदच दिसणार.

सीजीनॅट असूनही आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा आयपी पत्ता) मिळत असेल तर एक वाट उरते. तिथे फॉरवर्डिंग नसतं, पण राउटरची फायरवॉल बाहेरून येणारं अडवते, त्यामुळे तुमच्या पोर्टला तिथे परवानगी द्यावी लागते. काम झालं का ते पीअर्सच्या (जोडलेल्या संगणकांच्या) टॅबमध्ये कळतं: फ्लॅग्जच्या रकान्यात कुणापुढे ‘आय’ (I) हे अक्षर दिसलं की ती जोडणी बाहेरून आलेली आहे.

आणि टोरंट लावल्यावर घरातल्या सगळ्यांचंच नेट मरत असेल तर तो वेगळा आजार. स्वस्त राउटरला एकाच वेळी शेकडो जोडण्या झेपत नाहीत. एकूण जोडण्यांची मर्यादा मुळात ५०० असते, ती २०० वर आणा. अपलोडलाही तुमच्या खऱ्या अपलोड वेगाच्या ८० टक्क्यांवर लगाम घाला. ४० एमबीपीएस अपलोड असेल तर क्यूबिटटोरंटच्या केआयबीमध्ये (एक केआयबी म्हणजे १०२४ बाइट) दर सेकंदाला ते साधारण ३९०० होतात.

एवढ्यानेही सुटलं नाही तर लॉगच्या पहिल्या पंधरा-वीस ओळी आणि वॅन आयपीचे टिंबांनी तोडलेले पहिले दोन भाग प्रश्नात टाका. बाहेरचा पूर्ण पत्ता मात्र खोडून टाका.