ॲनिमेवरच्या चित्रपटात जपानी पात्रासाठी जपानीच नट हवा का?

आपण विचारले आहे की, ॲनिमेवरून, म्हणजे जपानी ॲनिमेशनवरून, लाइव्ह ॲक्शन (खऱ्या नटांचा) चित्रपट किंवा मालिका करताना जपानी पात्राला जपानी नटच हवा, हा चाहत्यांचा आग्रह कितपत योग्य आहे, आणि ‘घोस्ट इन द शेल’च्या हॉलिवूडपटात जपानी नायिकेच्या भूमिकेत गोऱ्या अमेरिकी अभिनेत्री स्कार्लेट जोहान्सन यांना घेतल्यावर एवढे वादळ का उठले. माझे मत आधीच सांगते. नटाचा वंश कथेपासून वेगळा काढून त्यावर वाद घातला की चर्चा भरकटते. पात्राच्या जपानी असण्यावर कथेतले काही उभे आहे का, हे प्रथम पाहावे. उभे असेल, तर नट बदलताना कथाही बदलते आणि त्या बदलाचा जाब निर्मात्यांना विचारण्याचा प्रेक्षकांना पूर्ण हक्क आहे.

मासामुने शिरो यांची ‘घोस्ट इन द शेल’ ही मांगा (जपानी चित्रकथा) १९८९ मध्ये सुरू झाली आणि मामोरु ओशी यांनी तिच्यावर केलेला ॲनिमेपट १९९५ मध्ये आला. नायिका मेजर मोतोको कुसानागी हिचे शरीर संपूर्ण कृत्रिम आहे. माणसाचे म्हणावे असे तिच्यात मेंदूखेरीज फारसे काही उरलेले नाही. याच आधारावर खुद्द ओशी यांनी जोहान्सन यांची बाजू घेतली. मेजरचे नाव आणि सध्याचे शरीर ही दोन्ही तिची मूळची नाहीत, तेव्हा ती भूमिका आशियाई अभिनेत्रीनेच केली पाहिजे असे म्हणायला आधार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या स्वतःच्या चित्रपटाला हा युक्तिवाद चपखल लागू पडतो, कारण तिथे मेजरला पडलेला प्रश्न हाच आहे की शरीर बदलत राहिले तर ‘मी’ कशाला म्हणायचे.

जोहान्सन यांना घेऊन केलेल्या रुपर्ट सँडर्स यांच्या २०१७ च्या चित्रपटाने मात्र हा आधार स्वतःच काढून घेतला. त्यात नायिकेचे नाव मीरा किलियन आहे आणि शेवटाकडे उलगडते की ती मुळात मोतोको कुसानागी नावाची, घरातून पळालेली जपानी मुलगी होती. एका कंपनीने प्रयोगासाठी तिचा मेंदू काढून या गोऱ्या देहात बसवला आणि तिच्या खऱ्या आठवणी पुसल्या. तिच्या जपानी आईची भूमिका काओरी मोमोई यांनी केली आहे. मायलेकींच्या भेटीचा प्रसंग मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा अस्वस्थ झाले, कारण एका आशियाई मुलीचे शरीर, नाव आणि भूतकाळ हिरावून तिला युरोपीय चेहरा दिला जातो, ही भयंकर गोष्ट पटकथेच्या हातात आली होती आणि पटकथेने तिच्याकडे पाहिलेच नाही. मेजरला आपले नाव परत मिळते, पण हाच चेहरा का निवडला गेला, असे चित्रपटातले एकही पात्र विचारत नाही. ताकेशी कितानो यांनी केलेला मेजरचा वरिष्ठ आरामाकी मात्र सर्वांशी जपानीत बोलतो आणि सर्वांना ते समजते. म्हणजे या शहरात जपानीपणाला जागा होती, ती नायिकेपुरती नाकारली गेली. म्हणून माझा आक्षेप जोहान्सन यांच्या अभिनयावर नाही, तो लेखनावर आहे.

या वादात दोन वेगळे समूह बोलत होते, हेही लक्षात घ्यावे. जपानमध्ये जपानी नट पडद्यावर दररोज दिसतात. त्यामुळे हॉलिवूडने आपली तारका घेतली याचे तिथल्या अनेकांना विशेष वाटले नाही. मिंग-ना वेन आणि कॉन्स्टन्स वू यांच्यासारख्या आशियाई-अमेरिकी अभिनेत्रींनी जाहीर नाराजी व्यक्त केली, ती वेगळ्या अनुभवातून. ज्यांना मुख्य भूमिका क्वचितच मिळतात, त्यांच्यासमोरून आशियाई कथेतली भूमिकाही निघून जाते, हे त्यांचे दुःख होते. ‘जपानी लोकांना चालते, मग तुम्हाला काय’ हे उत्तर मला म्हणूनच अन्यायाचे वाटते.

‘ॲनिमेतली पात्रे तशीही गोरीच दिसतात’ असे काही चाहते म्हणतात. ते मला मान्य नाही. मोठे डोळे ही शैली आहे, आणि मांगाकार ओसामु तेझुका यांच्यावर डिस्नेच्या चित्रांचा प्रभाव होता हे सर्वज्ञात आहे. मोजक्या रेषांनी काढलेला चेहरा जपानी वाचक आपल्या लोकांचा समजतो, अमेरिकी वाचक आपल्या लोकांचा. वंशाची खूण चेहऱ्यावर नसते, ती नावात, शाळेच्या गणवेशात, जेवणाच्या डब्यात, वाकून केलेल्या नमस्कारात असते.

याच न्यायाने जपानी निर्मात्यांकडेही पाहावे. ‘अटॅक ऑन टायटन’च्या मांगामध्ये बहुतेक पात्रांची नावे आणि वेशभूषा युरोपीय आहेत आणि मिकासा या नायिकेचे आशियाई असणे अपवादात्मक म्हणून कथेत सांगितले आहे. २०१५ च्या जपानी चित्रपटात मात्र बहुतेक नट जपानी असल्यामुळे तो अपवाद नाहीसा झाला. लीव्हाय हे लोकप्रिय पात्र वगळले गेले आणि त्याच्या जागी शिकिशिमा हे नवे पात्र आले. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’मध्येही (२०१७) सोनेरी केसांचा नायक एडवर्ड र्योसुके यामादा यांनी केला. सत्तेचे पारडे हॉलिवूडसारखे नसल्यामुळे या दोन्ही निवडी मी अन्याय मानत नाही, पण कथेचे काहीतरी हरवले हे नाकारता येत नाही.

नेटफ्लिक्सच्या ‘डेथ नोट’ने (२०१७) कथाच सिॲटलला नेली आणि जपानी नायक लाइट यागामीचा लाइट टर्नर केला. आपल्या रंगभूमीच्या भाषेत हे भाषांतर नसून रूपांतर आहे, आणि रूपांतरात अमेरिकी नट घेणे रास्तच. तिथे मला खटकला तो थंड डोक्याचा, स्वतःला देव समजणारा लाइट जाऊन आलेला घाबरट मुलगा.

‘वन पीस’ (२०२३) ही समुद्री चाच्यांची मालिका मला आवडली. मूळ मांगाचे लेखक एइचिरो ओदा यांनी वाचकांच्या प्रश्नांना उत्तर देताना, खऱ्या जगात नायक लुफी ब्राझीलचा, त्याचे साथीदार झोरो जपानचा आणि सांजी फ्रान्सचा असता, असे पूर्वीच सांगितले होते. मालिकेत लुफी मेक्सिकोच्या इन्याकी गोदॉय यांनी केला आहे, म्हणजे देश तंतोतंत जुळवलेला नाही. जुळवला आहे तो अनेक किनाऱ्यांवरून जमलेल्या खलाशांचा मेळ.

चाहत्यांच्या एका आग्रहाला मात्र माझा पूर्ण विरोध आहे. ‘काउबॉय बीबॉप’ या ॲनिमेवरून केलेल्या मालिकेच्या (२०२१) वेळी फे व्हॅलेंटाइनची भूमिका करणाऱ्या डॅनिएला पिनेडा यांच्यावर, त्यांचा बांधा आणि कपडे चित्रातल्यासारखे नाहीत म्हणून टीका झाली. कागदावर आखलेली कंबर जिवंत स्त्रीकडे मागणे आणि वंशाचा प्रश्न विचारणे, या दोन गोष्टी एकाच ‘मूळ कृतीशी निष्ठा’ या नावाखाली मांडल्या जातात, आणि त्यामुळेच रास्त प्रश्नाचेही वजन कमी होते.