मुलगा हात भरले की किंचाळतो, स्वतः जेवत नाही. हट्ट आहे का?

नाही ताई. तुमच्या सहा वर्षांच्या, ऑटिझम असलेल्या मुलाला वरण-भाताचा चिकट स्पर्श खरोखर असह्य होत असणार. ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार देणाऱ्या तज्ज्ञ) जीन आयर्स यांनी १९६०-७०च्या दशकांत हेच मांडलं: संवेदना मेंदूत नीट जुळल्या नाहीत की रोजची साधी कामंही अडतात.

जबरदस्तीने हात बुडवू नका, भीती वाढते. आपल्या खानदेशातली कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी कोरडी असते, तिथून सुरुवात करा. घास तुम्ही तोडा, तोंडात त्याला घालू द्या. ते जमलं की तोडणंही त्याच्याकडे. ओलं फडकं त्याच्या हाताशीच ठेवा. बोटं कधीही पुसता येतील एवढा भरवसा त्याला फार लागतो. जळगाव, धुळे, नंदुरबार, जवळ असेल त्या जिल्हा रुग्णालयात मुलांच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची (डीईआयसी) चौकशी नक्की करा.