ठशाचं चित्र कार्डावर अधांतरी दिसतं, ते जमिनीवर कसं आणायचं?

तुमचा प्रश्न असा आहे : कार्डावर चित्राचा ठसा (रबरी शिक्का) स्वच्छ उमटतो, रंगही रेषेबाहेर जात नाहीत, तरी बैल असो, पणती असो की छत्रीवाली मुलगी, चित्र कार्डाच्या मधोमध लटकल्यासारखं दिसतं. मोकळी जागा भरायला भोवती फुलंपानं उमटवली की आणखीच गिचमीड होते.

हाच प्रश्न मला पहिली दोन वर्षं छळत होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी बेळगावची, शहापूरची. आमच्या गल्लीच्या टोकाला शाडूचे गणपती करणारे एक काका होते. जेठातल्या अवसेला, म्हणजे इकडे जिला मण्णेत्तिन अमावास्या म्हणतात तिला, मी मातीच्या बैलजोडीचं कार्ड केलं होतं आणि मोठ्या हौसेने त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी ते हातभर लांब धरलं आणि म्हणाले, "बैल बरा आलाय. पण बैठक नाही की गे त्याला. उडालाय." मग मला पाटापाशी बसवून दाखवलं. आधी पाट, पाटावर मातीचा थर, थरावर मांडी, आणि मग वरचं सगळं. बसायची जागा आधी, मूर्ती नंतर. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात या कामाला 'बैठक देणे' हाच शब्द बसलाय.

ठशाच्या बाबतीत ही अडचण हटकून येते, त्याला कारण आहे. ठसा काढणारा चित्रकार मुद्दाम एकटं चित्र काढतो, म्हणजे ते कुणालाही कुठल्याही कार्डावर वापरता यावं. बैल मिळतो, पण तो कुठे उभा आहे, ऊन कुठून येतंय, वजन कुठे पडतंय, हे तिघंही ठशात नसतात. ते आपण द्यायचे. रंग कितीही सुंदर भरा, त्याने ही उणीव भरून निघत नाही. आणि फुलंपानं हा त्यावरचा उपाय नव्हेच, कारण तीही तशीच अधांतरी असतात. एकाच्या जागी सात वस्तू तरंगायला लागतात.

सगळ्यात आधी सावली. बाकी काही केलं नाही तरी हे कराच.

रंग भरण्याआधी कार्डाच्या एका कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक ठिपका द्या : इथून ऊन येतंय. समजा डावीकडून वरून. मग बैलाची उजवी बाजू, पोटाखालचा भाग आणि जमिनीवरची सावली, तिन्ही उजवीकडे. मी सुरुवातीला अंगावरची छटा एकीकडे आणि जमिनीवरची दुसरीकडे टाकत असे. बघणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण त्याला चित्र पटत नाही. ठिपका शेवटी खोडून टाकायचा.

जमिनीवरची सावली सगळीकडे सारखी गडद नसते. खूर जिथे जमिनीला टेकतो तिथे ती सगळ्यात गडद आणि अरुंद असते. खुरापासून दूर जाईल तशी फिकट आणि मऊ होत जाते. ही टेकण्याची जागाच सगळं काम करते. पेन्सिल वापरत असाल तर टोक करून खुराखाली एक बारीक गडद रेघ द्या, मग तिच्यापासून बाहेर आडवे, हलके फटकारे मारा आणि कापसाच्या काडीने पुसून मऊ करा. फटकारे आडवेच हवेत. उभे मारले तर ते गवत दिसतं किंवा घाण दिसते, जमीन पसरल्यासारखी वाटत नाही. चार पायांचा प्राणी असेल तर चारही पायांखाली स्वतंत्र गडद जागा द्या आणि मग त्यांना एका फिकट सावलीने जोडा. पोटाखाली एकच लंबगोल काढून मोकळं व्हायचा मोह होतो, पण त्याने बैल ताटलीवर ठेवल्यासारखा दिसतो.

काळा रंग वापरू नका. काळी सावली कागदाला भोक पडल्यासारखी दिसते. फिकट राखाडी, किंवा राखाडीत थोडी जांभळट झाक असलेला रंग घ्या. पिवळ्या-केशरी चित्राखाली ही जांभळट झाक फार छान बसते. मार्कर असतील तर राखाडीच्या दोनच छटा पुरतात, एक फिकट आणि एक तिच्याहून दोन पायऱ्या गडद.

इथे शाईबद्दल सांगायलाच हवं, कारण सावलीच्या पायी पूर्ण झालेलं चित्र खराब होऊ शकतं. अल्कोहोल मार्कर (ज्यांचा रंग पाण्याऐवजी अल्कोहोलमध्ये असतो) वापरणार असाल तर ठसा त्याने न विरघळणाऱ्या शाईने उमटवा. मेमेंटोची शाई त्यासाठी चालते. स्टेझॉन नावाची दुसरी शाई पाण्याला दाद देत नाही, म्हणून जलरंगाला उत्तम, पण अल्कोहोल मार्करखाली ती पसरते. ऑफिसच्या पॅडची जांभळी शाई पाण्याचा हात लागला की फुटते, तिच्यावर फक्त कोरड्या रंगीत पेन्सिली वापरा. मी एकदा संक्रांतीची वीस कार्डं एका बैठकीत उमटवली आणि शेवटच्या टप्प्यात, सावलीच्या वेळी, सगळ्या पायांची शाई राखाडीत ओघळली. तेव्हापासून त्याच कागदाच्या तुकड्यावर तीच शाई आणि तोच मार्कर घासून पाहिल्याशिवाय मी हात घालत नाही. पावसाळ्यात तर ठसा वाळायला दुप्पट वेळ देते. आपल्याकडे जून-जुलैत कागदसुद्धा दमट असतो.

उडणाऱ्या किंवा उडी मारणाऱ्या चित्राची सावली पायांना चिकटवायची नाही. उडी मारणाऱ्या मुलाच्या पायांत आणि सावलीत जेवढं अंतर, तेवढा तो उंच. अंतर वाढवाल तशी सावली लहान आणि फिकट ठेवा. पतंगाला तर सावलीही नको. त्याचा मांजा कार्डाच्या खालच्या कडेपर्यंत ओढा, कडेबाहेर जाऊ द्या. कुणीतरी खाली धरलाय एवढं कळलं की पतंग बसला जागेवर.

पणतीचं गणित उलटं आहे, कारण तिथे उजेड चित्रातच आहे. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण अक्षरशः उतरवा : पणतीच्या बुडाला लागून दाट तपकिरी सावली, आणि तिच्या पलीकडे जमिनीवर फिकट पिवळ्याचं लांबट वर्तुळ. शेजारी दुसरी वस्तू असेल, समजा करंजीचं ताट, तर त्याची सावली ज्योतीपासून दूर जाणारी हवी. दोन पणत्या असतील तर प्रत्येकीची सावली दुसरीच्या विरुद्ध बाजूला. दिवाळीची कार्डं करणारे बहुतेक जण ज्योतीभोवती पिवळा फासतात आणि बुडाकडे बघतही नाहीत. म्हणून पणत्या आकाशकंदिलासारख्या हवेत दिसतात.

आता जमीन. सावलीने वस्तू टेकते, पण कशावर टेकली ते सांगायचं असेल तर क्षितिजाची रेघ हवी. एक रद्दी कागद हाताने फाडा, खालची कड थोडी वरखाली येईल असा. तो कार्डावर आडवा ठेवा आणि कडेवरून स्पंजच्या तुकड्याने शाई आत-बाहेर हलक्या हाताने फिरवा. कागद उचलला की टेकडीची मऊ रेघ मिळते. कागद थोडा खाली सरकवून पुन्हा केलंत, जरा गडद, की दुसरी टेकडी. येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे पावसात पाहिलं की दूरचे डोंगर फिकट आणि जवळचं शेत गडद दिसतं ना, तोच क्रम. लांबचं फिकट, जवळचं गडद.

रेघ मधोमध नको, कार्डाचे दोन सारखे तुकडे होतात. खालच्या तिसऱ्या भागाच्या आसपास ठेवा. आणि पाय त्या रेघेवर ठेवू नका. ही चूक मी इतर कुठल्याही चुकीपेक्षा जास्त वेळा पाहिली आहे. पाय बरोबर रेघेवर आले की माणूस भिंतीच्या कडेवरून चालल्यासारखा वाटतो. पाय रेघेच्या खाली, जमिनीच्या आत आणा. जितके खाली, तितका तो आपल्याजवळ. लांबची झोपडी लहान आणि रेघेजवळ, जवळचा बैल मोठा आणि खाली. तुमच्याकडे एकाच मापाचे ठसे असले तरी एवढ्या वर-खालीने खोली येते.

एकामागे एक वस्तू दाखवली की बैठक आणखी पक्की होते, कारण जी दुसरीला झाकते ती आपोआप जागेवर येते. त्यासाठी जी वस्तू पुढे हवी तिचा ठसा आधी मारायचा. मग तोच ठसा चिकटचिठ्ठीवर (स्टिकी नोटवर), गोंदाच्या पट्टीच्या बाजूला, उमटवून कापायचा, कापताना रेषेच्या किंचित आतून. बाहेरून कापलात तर भोवती पांढरी कड राहते. ती चिठ्ठी पहिल्या चित्रावर चिकटवून वरून मागच्या वस्तूचा ठसा मारा, चिठ्ठी काढा. तुळशीवृंदावन पुढे आणि दाराची चौकट मागे, असं कार्ड मी याच पद्धतीने करते. स्पंजने जमीन करतानाही चिठ्ठी लावून ठेवा, म्हणजे बैलाच्या अंगावर हिरवा चढत नाही.

चित्र कापून चिकटवायची सवय असेल तर फोम टेपकडे, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या स्पंजासारख्या जाड टेपकडे, लक्ष द्या. दोन मिलिमीटर जाडीची टेप चित्राच्या चारी बाजूंना लावली की चित्र खऱ्या अर्थाने हवेत जातं आणि चारीकडून खरी सावली पडते, पायांखालूनसुद्धा. मग तुम्ही काढलेली सावली खोटी पडते. पाय साध्या गोंदाने सपाट चिकटवा आणि डोक्याकडच्या भागालाच टेप लावा. चित्र पायाशी रोवलेलं आणि वर उठून आलेलं दिसतं. जाड कागदाचं चित्र असेल तर पायाशी हलकी घडी घालून घ्या, नाहीतर ते सुटून येतं.

दर वेळी निसर्गचित्र करायची मात्र गरज नाही. मला स्वतःला साधी कार्डंच जास्त आवडतात. आपण देव जमिनीवर ठेवत नाही, पाटावर ठेवतो. तोच विचार इथे चालतो. रंगीत कागदाची बोटभर पट्टी कार्डाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लावा आणि चित्राचे पाय तिच्यावर टेकवा. पट्टी कडांपर्यंत पोचलीच पाहिजे, मध्येच संपली तर तीही तरंगते. शहापूर-वडगावकडे साड्या विणणारी घरं आहेत, तिथून मिळालेल्या काठाच्या कातरणी मी पट्टी म्हणून लावते. मजकुराचीही बैठक होते. 'तिळगूळ घ्या, गोड बोला' ही ओळ चित्राच्या पायाशी लागून आडवी उमटवली की ती ओटा बनते. माझी निम्मी कार्डं कानडी शेजारघरी जातात, त्यांच्यासाठी 'एळ्ळु बेल्ला तिंदु ओळ्ळे माताडि' (तीळगूळ खाऊन चांगलं बोला) अशी ओळ असते. ती लांब आहे म्हणून उलट जास्त चांगली बसते, कार्डाच्या रुंदीभर. ओळ चित्रापासून लांब, वर कोपऱ्यात नेलीत तर हा फायदा जातो.

आणि एक ठसा स्वतःसाठी करून घ्या : जमिनीचा. ऑफिसचे शिक्के करणारं दुकान बऱ्याच गावांत असतं, तिथे पॉलिमरचे ठसे होतात : चित्राच्या निगेटिव्हमधून अतिनील उजेड सोडला की तेवढाच भाग घट्ट होतो, बाकीचं धुऊन जातं. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने साधारण आठ सेंटिमीटर लांबीची वेडीवाकडी रेघ काढा, मध्ये कुठे गवताचे दोन-तीन झुबके, कुठे खडे, आणि दोन्ही टोकांना रेघ विरळ होत थांबू दे. अगदी केसासारख्या रेघा काढू नका, त्या ठशात टिकत नाहीत. दांडा लावू नका असं दुकानदाराला सांगा. नुसता पारदर्शक तुकडा अॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवला की पाय कुठे येतात ते आरपार दिसतं. हा एक ठसा मी गेली सात वर्षं बैलाखाली, मुलीखाली, गुढीच्या काठीखाली, सगळीकडे वापरते आहे. फिकट तपकिरी शाईत मारा, काळ्यात नको, म्हणजे तो चित्रावर कुरघोडी करत नाही.

कागदाचं थोडक्यात : ए-४ च्या मधोमध दोन भाग करून प्रत्येकाची घडी घातली की १०५ × १४८ मिलिमीटरचं कार्ड होतं. त्याला ३०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा गुळगुळीत कागद घ्या. खरबरीत हँडमेड कागद दिसायला देखणा, पण त्यावर ठशाची रेघ तुटते आणि सावली मऊ होत नाही. हँडमेडच वापरायचा असेल तर तो खाली पाया म्हणून ठेवा आणि चित्र वेगळ्या गुळगुळीत तुकड्यावर करून वर चिकटवा.

तुम्ही लिहिलंय की तशी तीसेक कार्डं करून पडली आहेत. ती टाकू नका. प्रत्येक कार्डावर चित्राच्या पायाशी अंगठा आडवा धरून बघा; अंगठ्यामुळे चित्र उभं राहिल्यासारखं वाटलं तर तिथे पट्टी लावा, अंगठ्याएवढ्याच रुंदीची. पाय कार्डाच्या फार वर असतील आणि पट्टीखाली बरीच पांढरी जागा उरत असेल, तर कार्ड खालून कापून लहान करा आणि दुसऱ्या रंगाच्या कागदावर चढवा. ज्यांना पट्टी शोभत नाही त्यांना नुसती सावली द्या, टेकण्याच्या जागेपासून सुरू करून. आधी दोन कार्डांवर करून बघा. फोटो इथे टाकलात तर ऊन कुठून घ्यायचं ते मी कार्ड बघून सांगेन.