तिकीट रद्द करण्याआधी

डोंबिवली,
४ जानेवारी २०२६

चिरंजीव पोरी,

परवा रात्री पावणेदोनला तुझा मेसेज आला, ‘काका, अंदमानची तिकिटं आता रद्द केली तर किती पैसे परत मिळतील?’ मी सकाळी चहाबरोबर वाचला. दहावीला तुला भूमिती शिकवायचो तेव्हाही जे अडलंय ते तू सरळ विचारायची नाहीस. प्रमेय डोक्यावरून गेलं की ‘काका, आज लवकर जाऊ का?’ म्हणायचीस. तेव्हा परताव्याचा हिशेब राहू दे. काल मंडईत तुझी आई भेटली. उन्हाची टोपी घेतली म्हणाली, आणि तिकडे स्वेटर लागणार नाहीत ना, हे मला दोनदा विचारलं. इतकी खुशीत होती की तुझ्या मनात काय चाललंय त्याचा तिला पत्ता नाही हे कळलं. मीही काही बोललो नाही.

आता तुला एक गोष्ट सांगतो. क्लासच्या कुठल्याच पोराला ही सांगितलेली नाही.

मी विमानाचा मेकॅनिक. ३१ वर्षं सांताक्रूझला हँगरमध्ये काढली. इंजिनं उघडली, चाकं बदलली, भर पावसात रात्री तीनला टॉर्च दातात धरून पॅनेलं बंद केली. आणि नोकरीची पहिली ११ वर्षं प्रवासी म्हणून विमानात पाऊल ठेवलं नाही. भीतीने. कामावर कुणाला माहीत नव्हतं, घरी तर नाहीच. तिकीट जवळजवळ फुकट मिळायचं, आणि मेव्हणीच्या लग्नाला दिल्लीला जायचं तर मी राजधानीच्या वेटिंग लिस्टमध्ये! रजा नाही, ड्युटी लागली, रेल्वेत गप्पा होतात, असली कारणं मला तोंडपाठ होती.

विमान टळलं की शाळेला अचानक सुट्टी मिळावी तसं हलकं वाटायचं. त्या हलकेपणानेच माझं नुकसान केलं. पुढच्या खेपेला भीती आणखी थोरली होऊन यायची, कारण पळालो की बरं वाटतं हे अंगाला शिकवून ठेवलं होतं. आज रद्दचं बटण दाबलंस तर रात्री तुला गाढ झोप लागेल, हे मी लिहून देतो. म्हणूनच दाबू नकोस.

माझं सुटलं ते १९९८ साली. सासरे दिल्लीत अत्यवस्थ होते, गाडीने जायला वेळ नव्हता. विमानतळावर रांगेत उभं असताना तळहातांना इतका घाम, की तिकिटाची शाई बोटांना लागली. बायकोला म्हणालो, ‘मला विमानाची भीती वाटते.’ ११ वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती. मान वर न करता म्हणाली, ‘वाटू दे की. मला पालीची वाटते, म्हणून मी स्वयंपाकघर सोडलंय का?’

दिल्लीपर्यंत भीती होतीच. पण ती लपवायचं काम नव्हतं, आणि त्या कामातच माझा अर्धा जीव जात होता हे तिसाव्या मिनिटाला वगैरे लक्षात आलं.

तेव्हा पहिलं काम हे कर. घरी सांग. आजच, जेवताना, आमटी वाढता वाढता सांग. मोठी प्रस्तावना नको. तू मिळवती झालीस, सगळ्यांची तिकिटं तू काढलीस, हॉटेल तू ठरवलंस, म्हणून घाबरायचं नाही असा काही नियम नाही. बाबांना तर मुद्दाम सांग. पासष्टीच्या माणसाचा पहिला विमानप्रवास आहे, त्यांच्या पोटात काहीच होत नसेल असं धरून चालू नकोस. ते तुझ्यासमोर बोलत नसतील आणि तू त्यांच्यासमोर बोलत नसशील, एवढाच प्रकार असेल. विमानात शिरताना दारात जी हवाई सुंदरी उभी असते तिलाही सीट नंबर सांगून एक वाक्य बोल. असे प्रवासी तिला रोज भेटतात. धक्के बसायला लागले की येता-जाता ती तुझ्याकडे बघेल, एवढंही पुरतं.

बोटीने जाता येईल का, असं तू मागे विचारलं होतंस. येईल. चेन्नईहून साधारण तीन दिवस लागतात, आणि बंगालचा उपसागर हलवतोही बऱ्यापैकी. सावरकरांना १९११ साली ‘महाराजा’ बोटीतून नेलं, पण त्यांना विचारलं नव्हतं. बाबांना ती कोठडी बघायची आहे, आणि २६ जानेवारी सोमवारी आल्यामुळे तुला जोडून रजा मिळाली आहे. बोटीत सहा दिवस घालवलेस तर जेल बाहेरूनच बघून परत फिरावं लागेल.

आता अहमदाबादबद्दल. तो विषय टाळला तर बाकीच्या पत्रावर तुझा विश्वास बसणार नाही. १२ जून २०२५ ला विमान उडाल्यावर काही सेकंदांत पडलं, आतल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. मी निवृत्त माणूस, तरी तो दिवस टीव्हीसमोरून उठलो नाही, आणि रात्री जेवण गेलं नाही. असं कधीच होत नाही, असं मी तुला सांगणार नाही. होतं. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, हेही खरं आहे, आणि तरी तू रोज रिक्षाने स्टेशनला जातेस. पण रात्री दोनला असल्या आकड्यांनी कुणाला झोप येत नाही, मलाही आली नव्हती. जे आवरता येईल ते सांगतो. त्या अपघाताचे व्हिडिओ तू अजून बघतेस हे मला माहीत आहे, कारण एक तू मलाही पाठवला होतास. ते आजपासून बंद. मोबाईलवर विमानांचे ठिपके बघायचं ॲप काढून टाक. चेन्नईचं हवामान दर तासाला बघून ते बदलत नसतं. ते बघणं आमच्या पायलटांचं काम आहे आणि त्याचा त्यांना पगार मिळतो.

एकदा रात्रपाळीला आमचं अर्ध्या इंचाचं एक सॉकेट, म्हणजे नट फिरवायच्या पान्याचं पुढचं टोक, सापडेना. हँगरमध्ये हत्यारांचा फळा असतो. प्रत्येक पान्याची, पकडीची बाह्यरेषा त्यावर काढलेली, म्हणजे एक जरी जागेवर नसलं तर ती रिकामी आकृती लांबून डोळ्यात भरते. काम संपलं, फळ्यावर एक भोक रिकामं. झालं, विमान अडलं. आम्ही सहा जण गुडघ्यांवर रांगत इंजिनाखाली, चाकांच्या खणात, कचऱ्याच्या डब्यात शोधतोय, आणि तिकडे पावणेदोनशे प्रवासी ‘तांत्रिक कारण’ ऐकून आमचा उद्धार करतायत. दोन तासांनी ते सॉकेट एका शिकाऊ पोराच्या ओव्हरऑलच्या आतल्या खिशात निघालं. साहेबांनी त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. पण ते सापडेपर्यंत कागदावर सही करायला आमच्यातला एकही जण तयार नव्हता, आणि सहीशिवाय विमान हलत नाही. तेव्हा तुमच्या विमानाला उशीर झाला तर शेजारच्यांबरोबर चिडू नकोस. कुणीतरी रांगत असेल.

आता तुझ्या कामाचं. घाबरलेल्या माणसाचे कान फार तिखट होतात. प्रत्येक खुट्ट ऐकू येतं आणि प्रत्येकाचा अर्थ वाईटच लागतो. मला आवाजांचे अर्थ माहीत होते, तरी मी घाबरायचो, त्यामुळे एवढ्यानेच भागतं असं नाही. पण कानांना काही काम मिळतं. एक वही घे. मी क्रमाने सांगतो ते लिहून ने, आणि विमानात ऐकू आलं की पुढे बरोबरची खूण कर.

विमान एअरबस ए३२० असेल आणि जागा पंखांजवळ असेल, तर जमिनीवरच मजल्याखालून कुत्रा भुंकल्यासारखा किंवा लाकूड कापल्यासारखा आवाज येईल. दोन हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, यंत्रणांमधला दाब सारखा करणारा तो पंप. त्या आवाजाला घाबरून उठून उभे राहिलेले प्रवासी मी पाहिलेत. इंजिन सुरू होताना एसी क्षणभर बंद पडून एकदम शांत होतं, कारण ती हवा इंजिन फिरवायला लागते. धावपट्टीवर वेग घेताना खालून ठकठक येते, ते बहुधा मधल्या रेषेतले दिवे चाकाखाली येतात म्हणून. वर उठल्यावर काही सेकंदांत ‘धप्प’. चाकं आत गेली, झाकणं लागली.

आणि आता नीट वाच. उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत, साधारण हजार-दीड हजार फुटांवर, इंजिनांचा आवाज उतरेल आणि पोटात खड्डा पडेल. आता पडलो, असं वाटायची हीच जागा. घाट चढून सपाटीला लागल्यावर एसटीचा ड्रायव्हर ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल करतो, तेवढंच ते असतं. विमान चढतच असतं, फक्त आधीपेक्षा सावकाश. शिवाय दोन इंजिनांचं विमान उड्डाणाच्या ऐन क्षणी एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर वर जाईल, हे सिद्ध केल्याशिवाय त्याला परवानाच मिळत नाही. पायलटांची ती परीक्षा दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर पुन्हा होते. चेन्नई ते अंदमान खाली नुसतं पाणी दिसेल, तर हेही लक्षात ठेव की अगदी मधोमध असताना एक इंजिन गेलं, तरी उरलेल्यावर कुठला तरी काठ साधारण तासाभराच्या टप्प्यात आहे.

उतरताना पंखांवर फळ्या उभ्या राहतात आणि विमान थरथरतं, ते वेग कमी करायला. चाकं टेकल्यावर जी गर्जना होते ती इंजिनांचा जोर पुढच्या दिशेने वळवल्यामुळे. येताना मुंबईवर घिरट्या घातल्या तर घाबरू नकोस. आपल्याकडे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते, म्हणून आकाशातही रांग लागते. दादरच्या पुलासारखी.

धक्क्यांबद्दल. लोक ‘एअर पॉकेट’ म्हणतात, ‘हवेतले खड्डे’ म्हणतात. हवेत खड्डे नसतात. हवा पाण्यासारखी वाहते, कुठे उसळते, कुठे वळते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना लाँच हलते तेव्हा बोट मोडली असं कुणी म्हणत नाही, उलट पोरं खिदळतात. पंख वाकताना दिसतील, ते वाकायलाच केलेले असतात. उड्डाणात जास्तीत जास्त जेवढा भार येईल असं धरलेलं असतं, त्याच्या दीडपट भार सोसण्याइतकं ते मजबूत असावं लागतं. समोरच्या ट्रेवर अर्धा पेला पाणी ठेव आणि बघत बस. तुला शंभर फूट पडल्यासारखं वाटेल आणि पाणी काठापर्यंतही येणार नाही. पट्टा मात्र कमरेवर घट्ट ठेव, डोक्यावरचा ‘पट्टा लावा’चा दिवा विझला तरी. धक्क्यात ज्यांना लागतं, त्यांतले बहुतेक पट्टा न लावलेले असतात. जागा पंखांजवळची घे, शेपटीकडे जास्त हलतं. सकाळचं विमान मिळालं तर उत्तम, दुपारी जमीन तापली की हवा उसळते.

छाती धडधडायला लागली तर ती थांबवायच्या फंदात पडू नकोस. बशीतला चहा आपण कसा फुंकून गार करतो, तसा श्वास हळू सोड. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लागू दे. हातांनी खुर्ची धरलेली असेल, ती सोडून मांडीवर ठेव, खुर्ची कुठे जात नाही. कळ येते तशी ही लाट चढते आणि उतरते. त्या दिवशी चहा-कॉफी कमी कर. मैत्रिणीने दिलेली झोपेची गोळी अजिबात नको. गोळी हवीच वाटली तर डॉक्टरांना विचारून, आणि आधी एकदा घरी घेऊन बघ. आणि या अठरा दिवसांत झोप-जेवणच उडालं, तर सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. हीच भीती पायरी-पायरीने घालवणं हा त्यांचा रोजचा व्यवसाय आहे. गुडघा दुखला की हाडांच्या डॉक्टरकडे जातोच ना आपण?

खिडकी बाबांना दे. तू मधे बस, आई पलीकडे. बाबांना ढग दाखवायचं आणि आईच्या कानांत दडे बसले की तिला लिमलेटची गोळी द्यायची, ही दोन कामं तुझ्याकडे ठेव. वही मांडीवर असेलच. परत आलात की ती घेऊन ये, किती खुणा झाल्या ते बघू. कुत्रं भुंकलं की नाही ते तर मला कळायलाच हवं.

तुझा,
काका

ता.क. तिकीट रद्द केल्यावर किती परत मिळतात, ते मी मुद्दामच पाहिलेलं नाही.