सौंदर्यस्पर्धा जिंकलेल्या मुली पाळीच्या स्वच्छतेवर काम करतात, त्याचा खरंच उपयोग होतो का? पुण्यातल्या आमच्या शाळेत अशा पाहुणीला बोलवावं का?

बोलवा, पण पॅड वाटायला नको.

मानुषी छिल्लर २०१७ साली मिस वर्ल्ड झाली तेव्हा हरियाणात डॉक्टरकी शिकत होती, आणि तिचा ‘प्रोजेक्ट शक्ती’ पाळीच्या स्वच्छतेवरच होता. तेव्हा ‘मुकुट मिळाला की समाजसेवा सुचते’ हा टोमणा निदान तिला लागू नाही. पण मुकुट वर्षभराचा, आणि पाळी पुढं तीस-पस्तीस वर्षं. चार-सहा तासांनी पॅड बदलायचं तर एका पाळीला १५ ते २० लागतात. फोटोपुरती दोन पाकिटं वाटली, तर पुढच्या महिन्यात काय?

आमच्या ट्रस्टच्या बैठकीत हे बोलले तर ‘ताई, देणगीदाराला काहीतरी दिसायला हवं’ असं ऐकवलं आणि भिंतीवर इन्सिनरेटर, म्हणजे वापरलेली पॅड जाळायचा विजेचा डबा, बसवला. पॅडमधलं प्लॅस्टिक नीट जळायला ८०० अंशांच्या वर तापमान लागतं. ते छोटे डबे तेवढे तापतच नाहीत. मधल्या सुट्टीत मुली एकदम पाच-सहा पॅड कोंबतात, ती अर्धवट जळतात, आणि नळी खिडकीपाशीच सोडलेली असल्यानं वास थेट वर्गात. मावशी वैतागून बटणच बंद ठेवतात. गुरुवारी लाइट गेली की विषयच संपला.

त्यापेक्षा प्रत्येक संडासात आतच झाकणाचा डबा ठेवा. बाहेर एकच ठेवला तर हातात पुडी घेऊन सगळ्यांसमोरून जायला कुठलीही मुलगी तयार होत नाही. आतून लागणारी कडी, आत नळ, पाणी बंद असेल त्या दिवसासाठी भरलेलं पिंप. खिळ्याला वर्तमानपत्राचे चौकोन आणि सुतळीला बांधलेला लाल स्केचपेन: पुडीवर ठळक लाल ठिपका काढायचा. ‘स्वच्छ’ या पुण्यातल्या कचरावेचकांच्या संस्थेतल्या बायका हे कधीपासून सांगताहेत, कारण कचरा त्या हातानं निवडतात. डबा रोज कोण रिकामा करणार, ते नावानिशी ठरवा.

पाहुणीला स्टेजवर नेण्याआधी मुख्याध्यापक आणि ट्रस्टींसह तिथं न्या. तिच्यादेखत कडी निखळली की दुरुस्तीचा खर्च तिथल्या तिथं मंजूर होतो. तिचा खरा उपयोग हाच. निमंत्रण स्पर्धेच्या आयोजकांना पाठवा, तारखा बहुधा तेच देतात.

आणि हो, भाषणात कापड वापरणाऱ्या मुलींना नावं ठेवू नका म्हणावं. गार पाण्यात साबणानं धुऊन उन्हात कडक वाळवलेलं कापड चालतं. पावसाळ्यात ते दमट राहतं, तेवढ्यापुरती शाळेनं पॅड ठेवावीत.