गणिताच्या पदवीसाठी विद्यापीठ निवडताना

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता पाहिला. चार विद्यापीठं, त्यांची जागतिक क्रमवारी, खर्च, सगळं नीट मांडलं आहेस. खर्चाचा रकाना राहू दे. पदवीनंतरही गणितात बरीच वर्षं शिकायचं असतं, तेव्हा सुरुवातीलाच मोठं कर्ज नको. क्रमवारीचा रकाना मात्र खोडून टाक. त्या याद्यांमध्ये मोठं वजन असतं ते संशोधनाला आणि इतर प्राध्यापकांच्या मताला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने लिहिलेली सिद्धता, म्हणजे विधान खरं का याचा पायरीपायरीने दिलेला पुरावा, कोण वाचतं, किती बारकाईने वाचतं, हे त्यात कुठेच दिसत नाही. मला विचारशील तर तुझं गणित त्यावरच ठरणार आहे.

एक उदाहरण देतो. फलन कंटिन्युअस आहे, म्हणजे त्यात कुठे उडी नाही, असं दाखवताना प्रत्येक बिंदूसाठी, प्रत्येक एप्सिलॉनसाठी (उत्तरात चालेल इतका फरक) एक डेल्टा (त्यासाठी बिंदूच्या किती जवळ राहायचं ते अंतर) शोधायचा असतो. तो डेल्टा बिंदूप्रमाणे बदलला तरी चालतं. सगळ्या बिंदूंना एकच डेल्टा पुरला, तर फलन युनिफॉर्मली कंटिन्युअस. संख्येचा वर्ग करणारं फलन संपूर्ण संख्यारेषेवर पहिल्या प्रकारचं आहे, दुसऱ्या नाही. नवखा विद्यार्थी ‘प्रत्येक’ आणि ‘एक’ यांचा क्रम नकळत उलटा लिहितो, आणि शेवटची ओळ तरीही बरोबर येते. घाईने तपासणारा पूर्ण गुण देऊन मोकळा होतो. चांगला शिक्षक त्या शब्दाखाली रेघ मारून विचारतो, ‘हा डेल्टा कशावर अवलंबून आहे?’ असं विचारणारं कोणी भेटलं नाही, तर तीन वर्षांनी पदवी हातात येईल, पण सिद्धता लिहिता येणार नाही.

म्हणून शिकवण्याची रचना बघ. जर्मनीत पहिल्याच सहामाहीत ॲनालिसिस (कॅल्क्युलसचा सिद्धतांसह काटेकोर अभ्यास) आणि लिनियर अल्जेब्रा (सदिश आणि मॅट्रिक्स यांचं बीजगणित) सुरू होतं. दर आठवड्याला गृहपाठ असतो आणि बऱ्याच ठिकाणी त्यात साधारण निम्मे गुण मिळाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. केंब्रिजमध्ये सुपरव्हिजन असते: बहुधा दोन विद्यार्थी, समोर एक शिक्षक, मध्ये त्यांनी सोडवलेले कागद. अमेरिकेत पदवी चार वर्षांची. तिथे बहुतेक जण आधी कॅल्क्युलस करतात, सिद्धतांचे कोर्स नंतर येतात, आणि मुख्य विषय उशिरा ठरवला तरी चालतो. मागच्या पत्रात तू भौतिकशास्त्राबद्दल जे लिहिलं होतंस, ते अजून मनात घोळत असेल तर ही मोकळीक तुझ्या उपयोगाची आहे. गणितच करायचं हे पक्कं असेल, तर सिद्धता जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं.

विभागात कोणी नामवंत आहे म्हणून भुलू नकोस. गॉस, रीमान, हिल्बर्ट या थोर गणितज्ञांचं जर्मनीतलं ग्योटिंगेन विद्यापीठ घे. 1933 मध्ये नाझी राजवटीने एमी नोएथर आणि रिचर्ड कूरांट या तिथल्या गणितज्ञांना पदावरून दूर केलं, त्याच वर्षी तिथलेच हेर्मान वाइलही देश सोडून गेले. विद्यापीठाचं नाव तेच राहिलं, पण शिकायला जावं अशी कितीतरी माणसं वर्षभरात तिथून गेली. एरवी इतकं भीषण काही घडत नाही, पण माणसं निवृत्त होतात, दुसरीकडे जातात, कित्येकदा पदवीच्या वर्गांना शिकवतच नाहीत.

आता कामाचं. चारही विभागांना ईमेल कर. पहिल्या वर्षाच्या ॲनालिसिसची जुनी प्रश्नपत्रिका आणि दोन-तीन आठवड्यांचे गृहपाठ माग. गृहपाठ तपासतं कोण, तेही विचार. तिसऱ्या वर्षाच्या यादीतले किती कोर्स गेल्या दोन वर्षांत खरोखर चालले, हे जरूर विचार. टोपॉलॉजी आणि गॅल्वा थिअरी असे वरच्या पातळीचे विषय कागदावर असतात, पण पुरेसे विद्यार्थी नसले की वर्ग भरत नाही. शिवाय तिथे शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठ आणि अडलं की तो कोणाकडे जातो, ते विचार. नाव सांगायला त्याला विचार करावा लागला, तर त्याची नोंद कर.

प्रश्नपत्रिका आल्या की मला पाठव. प्रत्येकीतला एकेक प्रश्न आधी तू सोडव, मग आपण बोलू.

तुझे सर