‘सित्ताम’ म्हणजे आपण की आम्ही?

प्रश्न असा आला आहे: फिलिपिन्समधल्या इबानाग भाषेच्या व्याकरणाबद्दल मराठीत लिहिताना ‘सिकामी’ आणि ‘सित्ताम’ या दोन सर्वनामांना काय म्हणावं? इंग्रजी पुस्तकात दोन्हींपुढे एकच शब्द असल्यामुळे प्रश्नकर्त्यानं ‘आम्ही (श्रोता वगळून)’ आणि ‘आम्ही (श्रोत्यासह)’ असं लिहिलं आहे.

माझं मत: कंस काढून टाका. सिकामी म्हणजे आम्ही, सित्ताम म्हणजे आपण. इंग्रजीला किंवा हिंदीला इथे खुलासा जोडावा लागतो, मराठीला नाही. सख्ख्या बहिणीशी बोलताना आपण ‘आपली आई’ म्हणतो आणि मैत्रिणीशी बोलताना ‘आमची आई’. बहिणीला कुणी ‘आमची आई’ म्हणालं तर तिला ते लागेल. इबानागमध्ये नेमका हाच भेद आहे. घराला तिथे ‘बालाय’ म्हणतात. ‘बालाय मी’ म्हणजे आमचं घर, ‘बालाय ताम’ म्हणजे आपलं घर. (हा ‘मी’ आपल्या ‘मी’सारखा ऐकू येतो, पण अर्थ ‘आमचं’. उदाहरण छापताना तेवढं सांगा, नाहीतर वाचक हमखास फसेल.)

अडचण आहे ती मराठीच्या बाजूनं. आपला ‘आपण’ एकटा फार कामं करतो. ‘आपण कधी आलात?’ यात तो आदरार्थी तुम्ही आहे, ‘तो आपण होऊन आला’ यात स्वतः, आणि ‘आपल्याला नाही बुवा जमणार’ म्हणणारा तर निव्वळ स्वतःबद्दलच बोलत असतो. म्हणून तक्त्यात नुसता ‘आपण’ न लिहिता क्रियापदासकट द्या. ‘आपण जाऊ’ म्हटलं की सित्ताम, ‘आपण जाल’ म्हटलं की समोरची व्यक्ती. क्रियापद संशय ठेवत नाही. उदाहरणं रचताना इबानाग वाक्यात क्रियापद सहसा आधी येतं, हेही ध्यानात असू द्या.

हा भेद तिकडे दुर्मीळ नाही. टागालोगमध्ये ‘कामी’ आणि ‘तायो’, मलयमध्ये ‘कामी’ आणि ‘किता’. या भाषाकुळाच्या मूळ भाषेपासूनच तो चालत आला आहे. आपल्या शेजारी गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ आहेत. मराठी-गुजरातीत तो द्राविडी भाषांच्या सहवासानं आला, असं अनेक अभ्यासक मानतात.

भाषेच्या नावाबद्दलही विचारलं होतं. ‘बान्नाग’ म्हणजे नदी आणि आधीचा ‘इ’ म्हणजे तिथले. इबानाग म्हणजे नदीकाठचे लोक. ही नदी म्हणजे उत्तर लुझोनमधली कागायान, फिलिपिन्समधली सर्वांत लांब. तेव्हा ‘नाग’ सुटा काढून सापाशी नातं जोडू नका.